एम. सी. घोंगडीची भाकणूक

६ ऑक्टोबर, रविवार

नाव ठरलं — एम. सी. घोंगडी!

बंटी म्हणत होता, 'क्वीन प्रतीक्षा' ठेव. मी म्हटलं, गप बस. क्वीन म्हटलं की लोक मुकुट शोधणार, आणि माझ्या डोक्यावर सकाळी शेणाची पाटी असते. धनगराच्या पोरीनं रॅप करायचा तर आज्याची घोंगडी पांघरूनच करायचा.

बंटीचं खटकचिंचोळीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले स्क्रीन बदलता बदलता तो बीट बनवतो. भालकीच्या कॉलेजातून परत येताना मी तिथं बस बदलते, आणि पुढची बस येईपर्यंत दुकानाची मागची खोली हा आमचा स्टुडिओ. भिंतींना गाद्या उभ्या केल्या की आवाज घुमत नाही. गाद्या त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी आणून ठेवल्यात. तिला अजून सांगितलेलं नाही. आज रविवार, तरी 'लायब्ररीला जाते' म्हणून घरातून निघाले.

बसच्या खोळंब्यावर केलेलं आमचं गाणं यूट्यूबवर चाललंय बरं का! एक ओळ मराठी, एक कन्नड, आणि भांडण आलं की दखनी हिंदी. लोक विचारतात, ही कुठली स्टाईल? अहो, बाजारात मिरच्या घेताना आम्ही असंच बोलतो. काल कंडक्टरनं मला ओळखलं. वाटलं, आता खाली उतरवतोय. तर जागा दिली आणि हळूच म्हणाला, 'पुढच्या गाण्यात आमच्या साहेबाला बी घे की.'

९ ऑक्टोबर, बुधवार

डोकं फिरलंय.

आमच्या वस्तीवरून तळ्याकडे जायची वाट गायरानातून जाते. मेंढरं त्याच वाटेनं पाण्याला जातात, बायका त्याच वाटेनं धुणं घेऊन जातात. आज गेले तर वाटेवर आडवी काटेरी तार. तारेला पाटी — 'आनंदवन ले-आऊट, प्लॉट बुकिंग सुरू'. पाटीवर आप्पाराव हसतायत. आप्पाराव म्हणजे आमच्या गावचे पुढारी. त्यांचं शेत गायरानाला लागून आहे. गायरान सगळ्या गावाचं, सर्वे नंबर ब्याण्णव. शेत एका रात्रीत फुगलं आणि वाट गिळून बसलं.

आता तळ्यावर जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा. लॉऱ्यांमधून मेंढरं हाकायची.

अप्पाला म्हटलं, काहीतरी बोला. अप्पा म्हणजे माझे वडील, धुळाप्पा. बीरोबाच्या जत्रेत त्यांच्या ढोलाशिवाय पान हलत नाही, पण आप्पारावांसमोर त्यांचा आवाज गळ्यातच राहतो. म्हणाले, 'मोठ्याचं काम हाय. आपण कामून मधी पडायचं?' आणि वळशाच्या रस्त्याला लागले. मला इतका राग आला की भाकरी करपली. करपलेली भाकर अप्पालाच वाढली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली, त्यामुळे राग आणखी वाढला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सुचलं! भाषण नको. मेंढरानंच विचारावं.

मेंढरं पुसत्यात मेंढक्याला — आमची वाट कुठाय?
वाटेवर तार हाय, तारेवर पाटी हाय,
पाटीवर फोटो हाय, फोटोत साहेब हसायलाय —
आमची वाट कुठाय?

१२ ऑक्टोबर, दसरा

आप्पाराव वस्तीवर आले, सगळ्यांना सोनं वाटलं. आपट्याची पानं देताना म्हणाले, 'सोन्यासारखं राहा.' माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की सोनं ठेवा, वाट द्या. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मागून चिमटा काढला. अजून लाल आहे तिथं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बंटीनं त्याची ओळ घातली — 'रस्ता तेरे बाप का नै, हमारे बकरियां का है.' मी कन्नड घातलं — 'नम्म दारी नमगे बेकु', आमची वाट आम्हाला पाहिजे. तिन्ही भाषांत भांडता येतं, देवानं आणि काय द्यायचं?

२० ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

बंटी स्पीकर घेऊन घरी आला. अप्पा ओट्यावर बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. आम्ही अंगणात गाणं लावलं. अप्पांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्यांदा लावलं. अप्पांचा जबडा हलायला लागला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा राहवलं नाही त्यांना.

'हे काय वाजायलंय रे? पत्र्यावर गारा पडल्यावानी.'

'ह्याला बीट म्हणत्यात मामा,' बंटी म्हणाला.

'बीट तर बीट. पण ही पोरगी श्वास कुठं घेती?'

मी म्हटलं, 'रॅपमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो अप्पा.'

'मग मरतीस.'

असं म्हणून ढोल ओढला मांडीवर आणि वाजवायला लागले. ओवी म्हणणाऱ्यासाठी मध्ये थोडी जागा सोडतात तसं — दणका, दणका, मग मोकळं. त्या मोकळ्या जागेत मी 'आमची वाट कुठाय' टाकलं आणि अंगावर काटा आला! बंटीच्या बीटमध्ये ती ओळ चेंगरत होती. इथं ती एकटी उभी राहिली. मग मी हट्टानं अप्पांना थोडं जलद घ्यायला लावलं. तेही हट्टी, ऐकेनात. शेवटी मधलं काहीतरी जमलं, आणि ते दोघांच्याही मूळच्या चालीपेक्षा झकास निघालं. अव्वा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातलं पीठ वाळून गेलं.

जाता जाता अप्पा म्हणाले, 'वाजवून दिलं म्हणजे जत्रंत वाजवीन असं न्हाई. ढोल देवाचा हाय.' म्हणा काहीही. अंगठा अजून मांडीवर तोच ठेका धरून होता, मी पाहिलं.

२ नोव्हेंबर, पाडवा

पाडव्याला आम्ही मेंढरं तळ्यावर नेऊन धुतो, रंगवतो, ओवाळतो. यंदा वळशाच्या रस्त्यानं न्यावी लागली. एका लॉरीनं भोंगा वाजवला आणि कळप चौखूर उधळला. अप्पा अर्धा दिवस उसाच्या फडांतून मेंढरं गोळा करत हिंडले. सगळी सापडली. पण ऐन सणाला अप्पा काट्यांनी ओरबाडून आले, धोतर फाटलेलं, आणि रस्त्यावर लोक हसले.

संध्याकाळी मेंढरांना ओवाळून झालं तशी मला हाक मारली. 'प्रती, मेळ्यात सवाल टाकायला कुणाला बंदी न्हाई. माझ्या मेळ्यातनं टाक.'

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. बीरोबाच्या जत्रेत ढोलाचे दोन मेळे समोरासमोर उभे राहतात. एका मेळ्यानं ओवीतून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर हार. सवाल कसलाही असो, मध्येच थांबवायचा नाही, असा दंडक आहे. बायका सवाल टाकत नाहीत म्हणा. पण बंदी आहे असं कुणी कधी म्हटलेलंही नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

म्हणजे आमचे आज्जे-पणजे रॅप बॅटलच करत होते. बंटीला फोन केला तर तो ओरडला, 'आन् मी यूट्यूबवर शिकायलोय!'

७ नोव्हेंबर, गुरुवार

जत्रेचं स्टेज, जनरेटर, माईक — सगळं कुणाकडून? आप्पारावांकडून! मागं त्यांचाच बॅनर. म्हणजे त्यांच्याच माईकवर त्यांचंच गाणं. आनंदानं झोप लागेना. भीतीनंही.

१० नोव्हेंबर, रविवार

जत्रा झाली. सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

समोर मुडबीचा मेळा. त्यांचा गाणारा मल्लेश — मिशाळ, हजरजबाबी, आजवर कुणापुढं न हरलेला. पहिले दोन-चार सवाल नेहमीचे झाले, देवाच्या जन्माचे, मेंढीच्या जन्माचे. मग अप्पांनी ढोलाला हात लावून थांबवला आणि मला पुढं ढकललं. मी आज्याची घोंगडी पांघरलेली, कपाळाला भंडारा. बायकांच्या बाजूनं कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारा म्हणाला, 'आता पोरी बी?' तेवढ्यात अप्पांनी पहिला दणका दिला, आणि त्यावर बोलायची कुणाची छाती?

मी म्हटलं. सगळं म्हटलं. तार, पाटी, फोटो. तिसऱ्या 'आमची वाट कुठाय'ला मागची पोरं ओरडायला लागली, दखनी ओळीला पार दंगा. आप्पाराव पुढच्या खुर्चीत. आधी मान डोलवत होते, मग मान थांबली. त्यांच्या माणसानं माईककडे पाऊल टाकलं तर मुडबीच्या मेळ्यातल्याच एकानं अडवलं — मेळ्यात सवाल थांबवत नाहीत!

आता जवाब मुडबीकरांनी द्यायचा. सगळे मल्लेशकडे बघायला लागले. त्यानं मिशीला पीळ दिला, ढोलावर एक थाप मारली आणि गाऊनच म्हणाला, 'ह्या सवालाचा जवाब आमच्यापाशी न्हाई, फुडं खुर्चीवर बसलाय, त्याला इचारा बाई.' मुडबीचा मेळा जन्मात पहिल्यांदा हरला, आणि हसत हसत हरला. मी त्या मिशाळ माणसाला आयुष्यभर विसरणार नाही.

एवढ्यात जनरेटर बंद पडला. आपोआप की पाडला, ते बीरोबाच जाणे.

आता इथं एक सांगायला हवं. जत्रेच्या शेवटी, दिवस मावळताना, सगळे ढोल थांबतात. कुणी खोकतसुद्धा नाही. मग पुजारी राघोबा देवळापुढच्या दगडावर चढून एकच वाक्य बोलतो. तीच देवाची भाकणूक. त्या वाक्यावर गाव वर्षभर चालतं. पेरणी कधी, लग्न कधी, सगळं त्यावर.

तर दिवस मावळत होता. माईक गेला म्हणून अप्पांनी ढोल थांबवला. ते बघून मुडबीकरांनीही थांबवले. माझी शेवटची ओळ राहिली होती. माईक नाही तर नाही, म्हणून मी जवळच्या दगडावर चढले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हटलं —

'सर्वे नंबर ब्याण्णव! तार तुटंल, वाट फुटंल, मेंढरू पाणी पिऊनच उठंल.'

मी टाळ्यांची वाट पाहत होते. एक टाळी नाही. बायकांमधून मूठभर भंडारा हवेत उडाला. मग सगळीकडून उडाला. बायकांनी हात जोडले, त्यांचं बघून पुरुषांनी जोडले. 'चांगभलं' झालं. खाली बघते तर काय — मी कुठल्या दगडावर उभी होते!

राघोबा देवळाच्या पायरीवर तयार उभा होता. माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि आत गेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून अंगणात माणसं. एकीला विचारायचंय, म्हशीला रेडी होईल का. एकाला लेकाच्या नोकरीचं हवंय. मी सांगतेय, अहो ते गाणं होतं! ते म्हणतात, व्हय व्हय, आणि नारळ ठेवून जातात. बंटी म्हणाला, 'लोकांना लाईक येत्यात, तुला नारळ यायलेत.' अव्वा मात्र खुशीत. तीन दिवस पुरेल एवढं खोबरं किसून ठेवलंय.

राघोबाला जाऊन विचारलं, बाबा, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, 'देव यंदा बोलला न्हाई. बोलायची गरज पडली न्हाई.' आता याचा अर्थ काय लावायचा?

हसू येतं. पण आत कुठंतरी लागतंसुद्धा. ओळ माझी, राग माझा, आणि श्रेय सगळं देवाला. मुलगी बोलली असं कुणाच्या कानावरच गेलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आप्पारावांचं डोकं म्हणजे डोकं! त्यांनी जाहीर केलंय — देवाची इच्छा म्हणून ते स्वतःच्या जागेतून एक बोळ दान देणार. 'बीरोबा मार्ग.' वर कमान, कमानीवर त्यांचं नाव. मंगळवारी ग्रामसभेत तसा ठराव. गाव खूष. अप्पासुद्धा म्हणाले, 'वाट मिळायलीय न्हवं?'

मिळतेय काय! आमच्याच गायरानातली चिमूटभर आम्हालाच दान करायची आणि बाकीचं त्यांचं? देवानं मागितलं म्हणून दिलं, तर उद्या देव गप्प बसला की परत घेतील. आणि हे दान द्यायला माझीच ओळ कामी येतेय. माझी!

२५ नोव्हेंबर, सोमवार

उद्या उठून सांगायचं — ती भाकणूक नव्हती. सांगितलं तर लोक म्हणतील देवाच्या नावानं फसवलं. मग वाटही जाईल, गाणंही जाईल, जत्रेत अप्पांना मान वर करता येणार नाही. नाही सांगितलं तर कमानीखालून जन्मभर जायचं.

ग्रामसभेला वस्तीतल्या सगळ्या बायका येणार म्हणतात. आजवर एकही कधी गेली नव्हती. देवाचं काम म्हणून येतायत. त्यांच्याच तोंडावर सांगायचंय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं.

आप्पारावांचं भाषण झालं, पंचायतीचे अधिकारी, पीडीओ, ठराव लिहायला बसले, आणि मी उठले. ढोल नाही, माईक नाही. म्हटलं, 'ती भाकणूक नव्हती. माझं गाणं होतं. मी लिहिलं, बंटीच्या दुकानात बसून. देवानं मागितलं असतं तर दान चाललं असतं. पण मागायलेय मी. गायरान गावाचं आहे. दान नको, मोजणी करा.'

आप्पाराव हसले, अगदी पाटीवरच्यासारखे. 'ऐकलंत? देवाच्या दगडावर चढून पोरीनं गावाला फसवलं. आता बोला.'

मी खाली बघत उभी. मग मागून अप्पांचा आवाज आला — माझ्या अप्पांचा! 'मोजणीचा ठराव घ्या. माझा हात वर हाय.' एवढंच बोलले. पण आप्पारावांच्या डोळ्यांत बघून बोलले.

पीडीओंनी विचारलं, मोजणीच्या बाजूनं कोण कोण? मी मान वर केली तर बायकांचे हात वर. सगळ्यांचे! काकणांचा केवढा आवाज. मग पोरं, मग म्हातारे. ठराव झाला.

घरी येताना अप्पा मांडीवर ठेका वाजवत होते. मी श्वास घ्यायची जागा बरोबर पकडली.

पण एक कळत नाही. ज्या बायका देवासाठी आल्या होत्या, त्यांनी देव नाही म्हटल्यावर हात का वर केले?

२३ डिसेंबर, सोमवार

मोजणी झाली. हद्दीचे जुने दगड तारेच्या पार आत, आप्पारावांच्या प्लॉटांमध्ये निघाले. त्यांच्याच माणसांनी तार गुंडाळली. मेंढरं वाटेला लागली ती थेट तळ्यावर, कुणी हाकायलाही लागलं नाही. बंटी शूटिंग करत होता. एका मेंढीनं त्याचा फोन चाटला. नवीन गाण्याची सुरुवात तिथूनच करायची म्हणतोय.

३० डिसेंबर, येळवस

आज वेळा अमावास्या, म्हणून रानात जेवण. कडब्याच्या खोपीपाशी सगळ्या बायका बसल्या होत्या, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. धीर करून अव्वाला विचारलंच — देव नव्हता कळल्यावर तुम्ही हात वर कसे केलेत?

अव्वा हसायला लागली. मग सगळ्याच हसायला लागल्या.

'आम्हाला पहिल्या दिवसापासनं ठावं व्हतं गं. देव कशाला सर्वे नंबर सांगंल? पहिला भंडारा मीच उधळला.'

'मग हात कशाला जोडले?'

'गाणं आवडलं म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या, तर घरी गेल्यावर नवऱ्यानं, सासऱ्यानं इचारलं असतं, कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायलीस? हात जोडल्यावर कोण इचारतंय?'

आणि मला वाटत होतं, वस्तीत राजकारण कळणारी मी एकटीच.